खंडेनवमीचे तेल

मित्रांनो, मी खिडकीचा गज नाही आणि हत्ती तर नाहीच नाही. मी व्हायोलिनचा एक जुना गज आहे. लोक व्हायोलिन ऐकायला येतात, व्हायोलिनची तारीफ करतात, व्हायोलिनसाठी मखमली पेटी शिवून घेतात. मला त्या पेटीच्या झाकणात दोन खुंट्यांना अडकवून टाकतात. मी तारेवरून फिरलो नाही तर ते व्हायोलिन म्हणजे नुसता पोकळ खोका, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून म्हटले, आपणच सांगावे. सध्या माझा मुक्काम मालाडला, दत्ताराम सुतारांच्या खोलीत, भिंतीवरच्या खिळ्याला आहे.

माझी काडी ब्राझीलच्या जंगलातल्या लाकडाची. जपानातल्या एका कारागिराने ती दिव्याच्या ज्योतीवर धरून हळूहळू वाकवली. मग तिच्या दोन टोकांना मांचुरियातल्या पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस बांधले. हे केस नुसते तारेवर फिरवून काही होत नाही. त्यांना राळ घासावी लागते. राळेची पांढरी पूड केसांना चिकटते, तीच तारेला धरते, आणि धरले की तार बोलते. एवढे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्या चिमूटभर पुडीची आहे.

माझा धनी मिन नावाचा कोरियन मुलगा होता. तेव्हा कोरियावर जपानचे राज्य होते आणि पाश्चात्त्य संगीत नीट शिकायचे तर जपानात तोक्योला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. मिन चौदाव्या वर्षी निघाला. त्याच्या आईने आपले शिवणाचे मशीन विकून मला विकत घेतले. ती गावात लोकांचे कपडे शिवून घर चालवत असे. मशीन गेल्यावर ती हाताने शिवू लागली. मला हातात देताना ती म्हणाली होती, "हा हरवू नकोस." बस, एवढेच.

तोक्योत मिनला स्वतःचे नाव टाकून जपानी नाव घ्यावे लागले. गुरुजी कडक. पहिले तीन महिने त्यांनी त्याला एकही गाणे शिकवले नाही. मोकळ्या तारेवरून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्यायचे आणि परत आणायचे, दिवसाचे सहा तास. "डाव्या हाताने सूर सापडतो," ते म्हणायचे, "पण बोलतो तो उजवा." ऐकून माझी छाती फुगली होती, खोटे कशाला बोलू! वर्ग सुटला की फरशी पुसायचे काम मात्र कोरियन मुलांकडेच असे. मिन फरशी पुसायचा, हात वाळवायचा आणि मला पुन्हा उचलायचा.

तीन वर्षांनी तो मांचुरियातल्या हार्बिनच्या वाद्यवृंदात लागला. शेवटच्या रांगेतली शेवटची खुर्ची. तिथली थंडी अशी की बोटे शेकून शेकून वाजवावे लागे. पण तिथे त्याने पहिल्यांदा ठरवले की एक दिवस युरोपात जायचे, जिथे हे संगीत जन्मले तिथे बसून शिकायचे. त्या दिवसापासून त्याला दुसरी कसलीच हाव नव्हती.

मग जग फिरले. जपान हरला, मिन कोरियाच्या उत्तरेतल्या आपल्या घरी परतला, आणि पाच वर्षांत कोरियाचे दोन तुकडे एकमेकांवर तुटून पडले. त्याला सैन्यात ओढले. व्हायोलिन घरीच राहिले आणि घराबरोबर जळाले. आईही त्याच घरात होती. मी तेवढा वाचलो, कारण मिनने मला घोंगडीच्या वळकटीत गुंडाळून बरोबर नेले होते. नुसता गज घेऊन लढाईवर जाणारा सैनिक तुम्ही कधी पाहिला नसेल. सोबती हसायचे. तो दक्षिणेकडच्यांच्या हाती लागला तेव्हाही मी त्या वळकटीतच होतो.

लढाई थांबल्यावर कैद्यांना विचारले, उत्तरेत जाता की दक्षिणेत? बहुतेकांनी काहीतरी एक सांगितले. मोजक्या काहींनी दोन्ही नाकारले. मिन त्यातला. उत्तरेत त्याचे कोणी उरले नव्हते आणि दक्षिणेत तो शत्रूचा सैनिक ठरणार होता. त्या मोजक्यांना कैद्यांवर देखरेखीला आलेल्या भारतीय सैनिकांनी जहाजाने मद्रासला आणले आणि तिथून दिल्लीला. दिल्लीत मिन थोडी हिंदी शिकला. कोणीतरी सांगितले, मुंबईच्या सिनेमावाल्यांना व्हायोलिनवाले लागतात. तो मला घेऊन मुंबईला आला.

मालाडच्या एका स्टुडिओत त्याला काम मिळाले. व्हायोलिन तिथलेच, उसने, पण घरी नेऊ देत. गज मात्र मी. नायिका रडली की आम्ही वाजायचे. सगळे त्याला "ए चिनी" म्हणून हाक मारत. त्याला भाड्याने खोली द्यायला कोणी तयार होईना. शेवटी स्टुडिओत सेट उभारणारे दत्ताराम सुतार एका दुपारी म्हणाले, "चल माझ्याबरोबर. आमच्या खोलीत एक कोपरो आसा." चाळीतल्या लोकांनी नाके मुरडली. दत्तारामांनी दारातच सुनावले, "तो चिनी नाय, कोरियाचो आसा. आणि माझो पाहुणो आसा. कोणाक काय बोलूचा आसात तर माझ्याकडे बोला."

दत्तारामांची बायको रुक्मिणी. मूलबाळ नव्हते. सख्खा भाऊ लहानपणीच गेलेला. पहिल्याच भाऊबीजेला तिने मिनला पाटावर बसवून ओवाळले. तिच्याकडेही शिवणाचे मशीन होते. ते खडखडू लागले की मिन वाजवायचा थांबायचा आणि नुसता ऐकत बसायचा. तो का ऐकतो हे रुक्मिणीला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

पंचावन्न साली युरोपातल्या एका संगीत विद्यालयाचे परीक्षक मुंबईत येणार असल्याची खबर आली. पूर्वेकडच्या एकाच विद्यार्थ्याला जागा, आणि निवड झाली तर प्रवासाची, कागदपत्रांची सगळी व्यवस्था विद्यालय करणार. मिनकडे कुठल्याच देशाचा पासपोर्ट नव्हता, त्यामुळे त्याला दुसरे दारच नव्हते. अट एकच, वय तिसाच्या आत हवे. मिनला तिसावे लागायला पाच महिने उरले होते. निवड अंधेरीच्या एका शाळेच्या सभागृहात, नेमकी दसऱ्याच्या सकाळी. परदेशी माणसाला दसऱ्याचे काय कौतुक?

महिनाभर मिनने मला घासून घासून तयार केले. इतका छान मी तोक्योतही वाजलो नव्हतो. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. दत्तारामांच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा. करवत, रंधा, पटाशी, शिवणाचे मशीन, विळीसुद्धा, सगळे पुसून, तेल लावून पाटावर मांडायचे, झेंडूची फुले वाहायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

रुक्मिणी मिनला म्हणाली, "भाऊ, तुमचा पण हत्यारच ना? उद्या एवढा मोठा काम. आज पूजेत ठेवू या. उद्या सकाळी देवाचा नाव घेवन् उचला."

मिन क्षणभर घुटमळला. मग हसला. त्याच्या गावीही पूर्वजांच्या नावाने पाट मांडत असत. त्याने पेटी दोन्ही हातांनी तिच्या पुढे केली. "ताई, आप रखो," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

रुक्मिणीने पेटी उघडली. व्हायोलिन फडक्याने पुसले. मग मला उचलले आणि माझ्या केसांवरची पांढरी पूड पाहून जीभ चावली. पावसाळा नुकताच सरला होता. तिला वाटले, बुरशी धरली. "अगो बाई, आणि भावाक कळला पण नाय," असे पुटपुटत तिने ओल्या फडक्याने माझे केस या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढले. मग मशीनला लावलेले तेच खोबरेल वाटीतून बोटांवर घेऊन केसाकेसाला चोळले. किती प्रेमाने! मिनच्या आईने त्याच्या हाती देण्याआधी मला पुसले तेव्हाही इतक्या मायेने पुसले नव्हते. मी ओरडलो नाही, कारण मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही. तिने मला हळदकुंकू लावले आणि पेटी मिटून पाटावर ठेवली.

मिनने तिचा नेम अक्षरशः पाळला. संध्याकाळी त्याची बोटे शिवशिवत होती, तरी त्याने पेटीला हात लावला नाही. सकाळी नमस्कार करून पेटी उचलली ती तशीच बंद. दत्तारामही नवा सदरा घालून त्याच्याबरोबर निघाले.

अंधेरीच्या त्या सभागृहात त्या दिवशी बाकी सगळे पियानोवाले आणि एक गायिका. दुसरे व्हायोलिन नाही, दुसरा गज नाही. मिनचे नाव पहिलेच पुकारले. तो मंचावर गेला, पेटी उघडली, मला उचलले. बोटांना ओशट लागले तेव्हा तो थबकला. त्याने मला तारेवर ठेवून ओढले. मी नुसताच घसरलो. फुंकर मारल्यासारखा आवाज आला, दुसरे काही नाही.

त्याने घाईघाईने राळ घासली. तेलावर राळ बसून चिकट लगदा झाला. पुन्हा ओढले, आता तर किंचाळी निघाली. मागे कोणीतरी हसले. मी तारेला धरायचा जिवापाड प्रयत्न केला हो. पण धरणारी ती पूडच गेली होती. शेवटी मिनने मला खाली ठेवले, व्हायोलिन काखेशी घेतले आणि सगळी रचना बोटांनी तारा छेडत वाजवली. म्हातारे परीक्षक शांतपणे ऐकत होते. नंतर म्हणाले, "तुमचा डावा हात उत्तम आहे. पण उजवा ऐकल्याशिवाय मी काही ठरवू शकत नाही. पुढच्या वर्षी या."

मिनने कमरेत वाकून नमस्कार केला. पुढचे वर्ष त्याच्यासाठी नव्हते.

दत्ताराम शेवटच्या बाकावर होते. सुताराला तेलाचा वास सांगावा लागत नाही. बाहेर येऊन त्यांनी मला हातात घेतले आणि नाकाशी नेले. "रुक्मिणीन केल्यान," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

मिनने त्यांचा हात धरला. "दाजी, ताई को नहीं बोलना. कभी नहीं."

घरी रुक्मिणी आपट्याची पाने घेऊन दारातच उभी होती. "कसा झाला, भाऊ?"

"चांगला झाला, ताई," मिन मराठीत म्हणाला. तिने देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर त्याने मला हातात घेतले नाही. स्टुडिओत दुसऱ्याचा गज वापरून तो नायिकेला रडवत राहिला. दोनेक महिन्यांनी त्याच्या दिल्लीत राहिलेल्या जुन्या सोबत्यांचे पत्र आले की ब्राझील त्यांना घ्यायला तयार आहे, पण तिथे शेतीवर राबणारी माणसे हवीत. मिनने अर्ज भरला. व्यवसायाच्या रकान्यात त्याने लिहिले, शेतमजूर. निघताना त्याने मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगले. माझे लाकूड जिथून आले तिथे तो गेला आणि मी इथे राहिलो.

रुक्मिणीला वाटले, निवड झाली. तिने सगळ्या चाळीत पेढे वाटले. "माझ्या पूजेचो गुण," ती आजही सांगते. "माझो भाऊ परदेशात वाजवता." दत्ताराम अशा वेळी विडी ओढायला गॅलरीत जातात.

आणि दर खंडेनवमीला ती मला खिळ्यावरून उतरवते. दर वर्षी दत्ताराम म्हणत, "थोडा लाव गो, थोडा पुरे." कधी काळी मिन परत आला तर केस बदलून घेता येतील, पण काडीत तेल मुरता कामा नये, अशी त्या माणसाची आशा होती.

यंदा श्रावणात मिनचे पत्र आले, मोडक्या हिंदीत. रुक्मिणीला वाचता येत नाही. दत्ताराम खाली मान घालून मोठ्याने वाचू लागले, "ताई, मी मोठ्या हॉलात वाजवतो. लोक टाळ्या वाजवतात." मी खिळ्यावर होतो आणि कागद माझ्या समोर होता. त्यात मात्र दाजींना लिहिले होते की उसाच्या चरकात उजव्या हाताची तीन बोटे गेली, आता गज जपायची गरज नाही.

मित्रांनो, माझे मागणे छोटेसे आहे. दुसऱ्याच्या जिवाभावाची वस्तू हाती आली की पुसू नका, धुऊ नका, सजवू नका. आधी तिच्या माणसाला विचारा, हिला काय चालत नाही? माया केलीत तरी विचारा. माया असेल तर आधी विचारा. रागाने मोडलेली वस्तू दाखवून माणूस निदान भांडतो, पण मायेने बिघडवलेली कोणाला दाखवायची?

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. रुक्मिणीने मला मांडीवर घेतले आणि हाक मारली, "अहो, तेलाची वाटी आणा. भावाचो गज बघा किती सुको पडलो."

दत्तारामांनी स्वतः वाटी आणून तिच्यापुढे ठेवली. या वर्षी ते "थोडा पुरे" म्हणाले नाहीत.

"लाव गो," ते म्हणाले. "भरपूर लाव."