चुकीची नावं

माझ्या पोराला एक गोष्ट अजिबात सहन होत नाही: माशीला कुणी मधमाशी म्हटलेलं. बाकी त्यानं खूप सोसलं. बापाची बोलणी सोसली, नोकरी गेली ते सोसलं, आणि एका हिवाळ्यात ते सोसवेना तेव्हा मूठभर गोळ्या घेतल्या. आम्ही त्याला उचलून हॉस्पिटलात नेलं. पण माशीला मधमाशी म्हणायचं काम नाही! लहान असताना चर्चच्या जेवणात पाद्रीबाबांना भर पंगतीत सांगून आला होता, "ती मधमाशी नाहीये, नीट बघा, पंख दोनच आहेत." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता त्याच्या त्याच खोडीवर माझा जीव टांगलेला होता.

नेल्स घर सोडून पश्चिमेकडे गेला तो थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. टर्की कापता कापता गॉर्डन, म्हणजे माझा नवरा, त्याला म्हणाला, "एवढा घोडा झालास, अजून किडेच बघत बस." नेल्सनं ताट सारलं, गाडीत बसला आणि गेला. फोन बंद. पत्रं परत यायला लागली. पोलिसांत विचारलं तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "मोठा माणूस आहे हो तो. त्याला बोलायचंच नसेल तर आम्ही काय करणार?" तिला गोळ्यांचं सांगितलं. तिनं नुसतं लिहून घेतलं.

मग मला ती किड्यांची वेबसाइट आठवली. लोक आपापल्या बागेतल्या किड्यांचे अगदी जवळून काढलेले फोटो तिथे टाकतात, खाली नाव लिहितात, आणि नाव चुकलं तर जाणकार येऊन दुरुस्त करतात. नेल्स तिथे शाळेपासून आहे, 'बिळातला' या नावानं. बघते तर काय, हा बाबा तिथे अजून लोकांच्या चुका काढतोय! आईला दोन ओळी लिहायला होत नाही, आणि टेक्ससमधल्या कुणाच्या तरी भुंगेऱ्याचे पाय तपासायला बरा वेळ आहे! अशी चिडले म्हणून सांगू. आणि मग सिंकला धरून रडले. जिवंत होता ना.

माझं नाव बघितलं तर पळेल, म्हणून मी 'रुबार्ब' नावानं खातं काढलं, गाव लपवलं. नेल्सचा जुना कॅमेरा आणि अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स कपाटातच होती. फ्लॅशपुढे लावायचा डिफ्यूझरही होता, त्यानंच दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनमधून कापलेला. त्यानं उजेड मऊ पडतो, नाहीतर किडा नुसता आरशासारखा चकाकतो. सगळं त्यानंच मला शिकवलेलं. "आई, श्वास रोख. डोळ्यावर फोकस धर. इतक्या जवळून केसाएवढाच भाग स्वच्छ येतो, तो डोळ्याचा असू दे." बर्फ वितळल्यावर मागच्या अंगणात पहिल्या पिवळ्या रानफुलांवर पट्टेवाली माशी बसली होती. फोटो काढला, टाकला आणि खाली ठोकून दिलं, 'मधमाशी'.

कॉफी गाळून होतेय तोवर उत्तर आलं. बिळातला: "माशी. पंख दोन, मिशा आखूड. जरा पुस्तक उघडा."

पुस्तक उघडा म्हणे! मी त्या स्क्रीनचा मुका घेतला.

तेव्हापासून माझं हेच. चुकीचं नाव टाकायचं आणि पोराची बोलणी खायची. ढेकण्याला भुंगेरा म्हणायचं, पतंगाला फुलपाखरू. "डोळे आहेत ना?" असंसुद्धा लिहिलं त्यानं एकदा. म्हटलं, आहेत रे राजा, तुझ्याकडेच लागलेत. गॉर्डन यातलं काही बघायचा नाही. फक्त संध्याकाळी बूट काढताना, माझ्याकडे न बघता विचारायचा, "आज बोलला?" मी म्हणायचे, "ओरडला." मग तो जेवायला बसायचा. जूनमध्ये त्यानं अंगणातल्या डिफ्यूझरवरून ढकलगाडी नेली आणि कोपऱ्यापासून चांगली उभी चीर पडली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं, पण मुकाट्यानं चिकटपट्टी लावली. नेल्सच्या हातचा होता तो. नवा करायला हात होईना.

ऑगस्ट सरत आला आणि उत्तरं थांबली.

माझीच नाही, बिळातला कुणाचीच चूक काढेना. मी त्याच्या नावावर जाऊन बघायचे. शेवटचं लिहिलेलं तेच, कुणाच्या तरी नाकतोड्याखाली: "फोटो हललाय." रोज तेच. हे माझ्या पोराचे शेवटचे शब्द असतील का, फोटो हललाय?

मग मी वेडीपिशी झाले. सकाळी दव असताना गवतात पालथी पडायचे, कोपरं सोलवटायची, सापडेल ते टाकायचे. मुंगी, तुडतुडा, गोगलगाय, सगळ्यांना भलभलती नावं. उत्तरं यायची, पण दुसऱ्यांची. फोन वाजला की धावायचे, आणि बघावं तर क्युबेकची कुणी पोरगी: "किती छान फोटो! पण ही गांधीलमाशी आहे बरं का." हिला मेलीला दुसरा उद्योग नाही! बिचारी गोड होती. मी तिला रोज शिव्या घालायचे.

एक दिवस साइटच्या देखरेखवाल्यांचा निरोप आला. 'आपण मुद्दाम चुकीची नावं देत आहात असं दिसतं. इथल्या नोंदी अभ्यासाला वापरल्या जातात. पुन्हा असं झालं तर खातं बंद करावं लागेल.' खरंच होतं त्यांचं.

आणि त्याच दिवशी रेडिओवर सांगितलं, रात्री दव गोठणार, झाडं झाका. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये ते एकदा सुरू झालं की किड्यांचं आटोपलंच. किडे संपले की फोटो संपले, आणि फोटो संपले की माझ्या हातातला होता नव्हता तो धागाही गेला. मी घरातल्या सगळ्या जुन्या चादरी घेऊन अंगणात गेले आणि किडे बसतात त्या गोल्डनरॉडच्या पिवळ्या तणावर घालायला लागले.

शेजारची डोलोरेस कुंपणावरून बघत होती. "आर्लीन, अगं बाई! टोमॅटो उघडे टाकलेस आणि तणावर चादरी घालतेस?"

"माझं तण आहे, मी काही घालीन त्यावर."

"दुलई पण दे. आणि अंगाईसुद्धा म्हण."

"तू आपल्या भोपळ्यांकडे बघ गं!" म्हणाले खरी, पण रडूच फुटलं मला. डोलोरेस घरात गेली आणि स्वतःची फुलाफुलांची चादर आणून माझ्या गोल्डनरॉडवर घातली.

सकाळी एकेक चादर उचलली. टोमॅटो काळे पडले होते, गोल्डनरॉड वाचलं होतं. डोलोरेसच्या चादरीखाली एका काडीवर मुंगी बसली होती, गारठून निपचित. मी जवळ गेले. लेन्समधून बघितलं आणि माझा श्वास आपसूकच थांबला. मुंगी नव्हतीच ती.

आठ वर्षांचा नेल्स असाच एक जीव बरणीत घालून स्वयंपाकघरात आला होता. "आई, ओळख!" मी म्हटलं, मुंगी. हसून हसून त्याला उचकी लागली होती. "पाय मोज ना! आठ आहेत. कोळी आहे तो. पुढचे दोन पाय वर धरतो, म्हणजे मिशा वाटतात. सगळ्यांना फसवतो, पण पाय मोजले की सापडतो."

मी कॅमेरा दगडावर टेकवला. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांवर फोकस धरला. किती काढले देव जाणे. त्यातला एक नीट आला.

फोटो टाकला, सवयीनं 'मुंगी' लिहिलं, आणि बोट अडलं. हे एक नाव मला चुकवता येईना. ते पुसलं आणि लिहिलं: 'मुंगीसारखा दिसणारा कोळी. पाय आठ. माझ्या मुलानं शिकवलंय. इतके दिवस मी इथे मुद्दाम चुकत होते, कारण चूक काढायला तरी तो येत होता. सगळ्यांची माफी मागते.'

लोक भराभर आले. बरोबर, बरोबर, बरोबर. क्युबेकच्या पोरीनं बदामाचं चित्र पाठवलं. देखरेखवाल्यांनीसुद्धा काही म्हटलं नाही. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून बसले. नाव बरोबर असलं की त्याला यायचं कारणच उरत नाही! शेवटचा किडा होता तो, आणि मी मंद अकलेची बाई खरं बोलून मोकळी झाले. पुढच्या गारठ्यात चादरींखालचंसुद्धा सगळं काळं पडलं. मी अंगणात गेलेच नाही.

आम्ही जेवत होतो, ओव्हनमधून काढलेलं नूडल्सचं हॉटडिश होतं, तेव्हा फोन वाजला. मी हलले नाही.

"बघ ना," गॉर्डन म्हणाला.

"तूच बघ. माझ्यानं आता होत नाही."

त्यानं चष्मा लावला. मग तो काढून पुसला, परत लावला आणि मला वाटलं, गेलं. संपलं सगळं.

"बिळातला," तो म्हणाला. आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "'नाव बरोबर. डिफ्यूझर फाटलाय. कोळ्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका पडलाय, त्यात चीर दिसते. जूनपासून सगळ्या फोटोंत दिसतेय. नवीन काप, आई.'"

मी फोन हिसकावला. फोटो मोठा करून बघितला. काळ्याभोर डोळ्यात पांढरा चौकोन, त्यानंच कापलेल्या डिफ्यूझरचा, आणि त्यात कोपऱ्यापासून उभी चीर. लबाड! पहिल्यापासून ओळखत होता मला. माहीत असून रोज येत होता ओरडायला. मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना.

गॉर्डन उठला. फ्रिजमधून दुधाचा कॅन काढला, उरलेलं दूध पातेल्यात ओतलं आणि खणातली कात्री शोधायला लागला.

मी त्याचा हात धरला. "नको. फाटकाच राहू दे."

"अगं, तो सांगतोय ना, नवीन काप म्हणून."

"नवीन केला तर तो परत सांगायला कशाला येईल?"

गॉर्डननं रिकामा कॅन ओट्यावर ठेवला आणि दारामागची बॅटरी घेतली.

"तळघरात कोळी असतील," तो म्हणाला. "बघून येतो."