रविवारच्या गाठीभेटी

बायकोनं त्याला ते सांगितलं तेव्हा दोघं पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. मागच्या सीटवर आठवड्याचं सामान होतं. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची, आणि काही महत्त्वाचं बोलायचं असलं की इंजिन बंद करून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बोलायची. कुणीतरी आपल्याला बांधावं, आपण कुणाचं तरी निमूट ऐकावं, असं तिला बरीच वर्षं वाटत आलं होतं. या सगळ्याला बीडीएसएम म्हणतात आणि तशी आवड असलेली काही माणसं एक रविवार सोडून एका रविवारी दुपारी कॉफी प्यायला जमतात, असं ती म्हणाली.

"तिथं करत काही नाहीत. नुसत्या गप्पा मारतात. मला एकदा जाऊन बघायचंय."

"जा की," तो म्हणाला. "मी कशाला अडवू?"

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. आधीची काच बरी की आत्ताची, असं दिवसभर गोड आवाजात विचारायची सवय असल्यामुळे हेही त्यानं तितक्याच गोड आवाजात म्हटलं. आपण किती मोठ्या मनाचे, या विचारात घरी पोचेपर्यंत तो स्वतःवर खूश होता.

ती गेली. पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी जिना चढताना गुणगुणत आली. बारा वर्षांच्या संसारात त्यानं तिला गुणगुणताना ऐकलं होतं ते एखादा घाबरट विद्यार्थी पहिल्या फटक्यात पास झाला तरच.

"कोण कोण असतं गं तिथं?"

"माणसं असतात."

"ते कळलं. पण कसली?"

"तुझ्यामाझ्यासारखी. कोण ते बाहेर सांगायचं नाही, असा नियम आहे."

त्या नियमानं त्याची झोप उडवली. ती भाजी चिरत असली तरी ती तिथलंच काही आठवतेय असं त्याला वाटायचं. तिचा फोन वाजला की तो पाणी प्यायला उठायचा आणि तिच्या मागून जायचा. एकदा तर तिनं फोनच त्याच्यापुढे धरला, "घे, वाच, तुझ्या ताईचा मेसेज आहे," आणि त्याला तो वाचायची लाज वाटली. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या वेळी मीही येतो."

"बघायला की पाळत ठेवायला?"

"बघायला."

"खोटं बोलतोस," ती म्हणाली, पण घेऊन गेली.

लेकीला खालच्या मजल्यावर तिच्या आत्याकडे सोडलं. ताईला सांगितलं होतं की पुस्तकांवर चर्चा करणारं मंडळ आहे. "एवढं वाचता दोघं," ताई म्हणाली, "मला एक तरी पुस्तक द्या की." त्यानं मान डोलावली आणि चपला घातल्या.

जागा म्हणजे एका कॉफीच्या दुकानाची माडी. लांब टेबल, न जुळणाऱ्या खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. काळे कपडे आणि चाबूक यांची मनात तयारी करून आलेल्या त्याला आठ माणसं दिसली, त्यांतल्या दोघी गुडघेदुखीवर बोलत होत्या. सगळ्यांच्या मध्ये एक निवृत्त नर्स बसली होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. इथं खरी नावं कुणी वापरत नसे. बहुतेकांना कामावरून नाव मिळालं होतं. त्याच्या बायकोला मास्तरीण म्हणत. दहा मिनिटांत तो चष्मेवाला झाला.

सिस्टरनं नियम सांगितले. कुणाला न विचारता हात लावायचा नाही. 'नाही' म्हटलं की कारण विचारायचं नाही. "आणि इथं भेटलेलं माणूस बाहेर दिसलं, तर त्यानं आधी ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. इथल्या निम्म्या लोकांच्या घरी माहीत नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

टेबलाच्या टोकाला ताडपत्रीवाला बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, एका कानात मशीन घातलेला माणूस. दुकानांच्या छपऱ्या आणि ट्रकवरची आच्छादनं शिवायचा. चष्मेवाल्यानं त्याला बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. हा असला तर काय घाबरायचं!

मग त्या माणसानं खिशातून हातभर दोरी काढली आणि स्वतःच्या गुडघ्याला एक गाठ मारून दाखवली. कितीही ओढली तरी न आवळणारी, पण टोक खेचलं की झटकन सुटणारी. "आधी सोडवायला शिकायचं," तो हळू आवाजात म्हणाला. "बांधणं काय, कुणालाही जमतं." बायकोनं दोरी मागून घेतली आणि आपल्या मनगटावर तशीच गाठ घालून बघितली. चुकली. त्यानं हात न लावता, नुसतं बोट दाखवून सांगितलं, "इथून खाली." दुसऱ्यांदा जमली. ती लहान मुलीसारखी हसली, आणि चष्मेवाल्याला कॉफी कडू लागली.

तरी ते त्याला पचलं असतं. पुढचं पचलं नाही. लायब्ररीत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी सगळ्यांना विचारलं, की आपल्याला हे का आवडतं असं कुणाला वाटतं? लोक आडवंतिडवं बोलले. मग त्याची बायको म्हणाली, "माझ्या शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. दिवसभर माझा पाय त्यावर. समोरचा चालवतो, पण मरायचं की जगायचं ते माझ्या पायावर. घरी आले तरी तो पाय उचलला जात नाही. लेकीचा अभ्यास, आईची औषधं, सगळ्यावर ब्रेक. मला वाटतं, एक तासभर कुणीतरी म्हणावं, तू नको बघूस, मी बघतोय."

ताडपत्रीवाल्यानं कानातलं मशीन नीट केलं आणि म्हणाला, "हं." एवढंच. पण ती त्याच्याकडे वळून बघत होती, नवऱ्याकडे नव्हे.

परत येताना गाडीत तिनं दोनदा विचारलं, "काय झालं?" तो दोन्ही वेळा "काही नाही" म्हणाला, तेही त्याच गोड आवाजात.

पुढचे चार दिवस तो आतून धुमसत राहिला. तिचं शरीर कुणी बघितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. हिनं आपल्या मनातली इतकी आतली गोष्ट आठ परक्या माणसांसमोर काढून ठेवली होती, आणि त्या टकल्यानं नुसतं "हं" म्हणून ती खिशात घातली होती. एका ग्राहकाला त्यानं उलटा नंबर लिहून दिला. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो उठला आणि ताडपत्रीवाल्याचं दुकान शोधत गेला. शोधायला वेळ लागला नाही. शहरात असली दुकानं मोजून तीन.

आत मेणकापडाचा वास होता. तीन मशिनी चालू होत्या. ताडपत्रीवाला जमिनीवर गुडघे टेकून निळ्या कापडावर खडूनं रेघ मारत होता, आणि काउंटरवर त्याचाच चेहरा, फक्त केस असलेला, असा तिशीतला मुलगा होता.

"बोला साहेब, काय हवंय?" मुलानं विचारलं.

"मी यांना भेटायला आलोय," चष्मेवाला मोठ्यानं म्हणाला. "आम्ही रविवारी भेटतो ना!"

ताडपत्रीवाल्याच्या हातातला खडू मोडला. तो वर बघेना. मान खाली घालून तो त्या अर्धवट रेघेकडे बघत राहिला, आणि त्याच्या टकलावर भराभर घाम फुटला. मुलानं विचारलं, "रविवारी? बाबा, तुम्ही तर रविवारी मासे पकडायला जाता ना?"

तेव्हा कुठे चष्मेवाल्याला आपण काय केलं ते उमगलं. "हो हो, तिथंच," तो चाचरत म्हणाला. "तळ्यावर. यांनी सांगितलं होतं, दुकानावर छपरी करून देतो म्हणून."

ताडपत्रीवाला उठला, टेप घेऊन त्याला दाराबाहेर घेऊन गेला. रस्त्यावर उन्हात उभं राहून हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही इथं यायला नको होतं."

"मला एवढंच सांगा, माझ्या बायकोनं तुम्हाला काही विचारलंय का?"

"ते तिला विचारा."

"तुम्ही सांगा ना!"

"तिथलं बोलणं मी इथं आणत नाही," तो म्हणाला. "माझ्या मुलाच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली. त्या टेबलाशिवाय मला कुठं बोलता येत नाही हो. आता तेही गेलं." आणि तो आत निघून गेला.

संध्याकाळी चष्मेवाल्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिनं तसाच ठेवला.

"मुलगा तिथं होता?"

"हो."

"आणि तू त्याच्या मुलासमोर रविवार काढलास."

"मला राहवलं नाही गं. ते ब्रेकचं तू त्या लोकांना सांगितलंस. त्याला सांगितलंस! मला बारा वर्षांत कधी सांगितलं नाहीस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "सांगितलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, याच खोलीत. पाय उचलला जात नाही, असं अगदी याच शब्दांत. तू काय म्हणालास, आठवतंय?"

त्याला आठवेना.

"'मग चार दिवस सुट्टी घे.' आणि टीव्ही लावलास."

आता आठवलं. कुठली मॅच होती तेही आठवलं.

सिस्टरचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. ताडपत्रीवाल्यानं तक्रार केली नव्हती, बायकोनंच सांगितलं होतं. सिस्टरनं ओरडाआरडा केला नाही. तीन महिने यायचं नाही, पुढचं पुढं बघू, म्हणाली. त्यानं फक्त एक विनंती केली. "त्यांना सांगा, मी नाहीये. त्यांनी यावं." नंतर एकदा तो त्या दुकानातून छपरी खरंच करून घेऊन आला, सगळा व्यवहार मुलाशी केला आणि तळ्यातल्या माशांबद्दल सुचेल ते बोलला.

ते तीन महिने त्याला फार जड गेले. एक रविवार सोडून ती जायची आणि तो घरी लेकीचं गणित घेत बसायचा. तीनला ती जिना चढत असेल, सव्वातीनला हसत असेल, अशी घड्याळाबरोबर त्याची जळफळ चालायची. ताडपत्रीवाला दीड महिना आला नव्हता. मग एकदा आला, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. बरं वाटलं, आणि लगेच हेवाही वाटला. दोन्ही एकदम होऊ शकतं हे त्याला माहीत नव्हतं.

पण या वेळी त्यानं गोड आवाज बाजूला ठेवला. "मला जळायला होतंय," तो सरळ म्हणाला. ती म्हणाली, "दिसतंय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या गाडी तू चालव. कुठं जायचं ते मला सांगू नकोस."

तो चालवायचा वाईट, आणि शेजारी ही. पहिल्या वळणालाच तिचा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला गेला. दुसऱ्या वळणाला पुन्हा. त्याला हसू आलं, पण तो हसला नाही. "पाय वर घे," तो म्हणाला. "सीटवर. मांडी घालून बस. मी सांगेपर्यंत खाली टेकवायचा नाही." आवाज जरा कापला. तिनं त्याच्याकडे बघितलं, चपला काढल्या आणि मांडी घातली. पुढचा तासभर तिचा पाय खाली आला नाही. एका चौकात त्यानं फार उशिरा ब्रेक लावला, तेव्हा तिनं फक्त डोळे मिटले.

तीन महिने संपल्यावर तो पुन्हा माडीवर गेला. ताडपत्रीवाल्यासमोर उभा राहून म्हणाला, "माझं चुकलं." बाकी जे पाठ केलं होतं ते विसरला. ताडपत्रीवाल्यानं हात पुढे केला नाही. बिस्किटांची बशी मात्र त्याच्या बाजूला सरकवली आणि म्हणाला, "मुलगा विचारतो, ते मासेवाले साहेब पुन्हा कधी येणार?"

मग बायको ताडपत्रीवाल्याच्याच शेजारी जाऊन बसली आणि दोघं अर्धा तास डोकं जवळ आणून बोलत राहिले. चष्मेवाला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लायब्ररीवाल्यांच्या चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करत बसला.

घरी जाताना तो म्हणाला, "मी चार वेळा तुमच्याकडे बघितलं."

"नऊ वेळा," ती म्हणाली. "आणि त्या बिचाऱ्यांची काडी वाकडी बसवलीस."