भागवतांचा घसा

गिरिजाक्काची लेक शैलजा पाच वर्षांची होईतो एक शब्द बोलली नव्हती. तेव्हा गिरिजाक्कानं देवीला नवस केला, पोरीला वाचा दे, तुझ्या देवळाच्या मेळ्याचं यक्षगान, गाण्या-नाचाचा खेळ, माझ्या अंगणात करवीन. देवीनं सहा महिन्यांत ऐकलं. मेळ्याकडे मात्र नवसांची रांग एवढी, की तारीख मिळायला चौदा वर्षं गेली. आता पोरगी अशी बोलते, की नेत्रावती नदीच्या पलीकडे ऐकू जावं.

खेळ आज दिवेलागणीला होता. मेळ्यातली चाळीस माणसं दुपारी आली. त्यांचं जेवण यजमानाघरी, तशी रीतच. गिरिजाक्कानं पत्रोडे केले होते. अळूच्या पानांना तांदळाचं वाटण फासायचं, गुंडाळायचं आणि उकडायचं. तिच्या हातच्या पत्रोड्यांचं गावात नाव. पण या वेळी बाईनं नको तिथं शहाणपण केलं. गाणाऱ्याला आंबट वाईट, आणि सगळा खेळ तर मेळ्याच्या मुख्य गवयाच्या, भागवतांच्या, गाण्यावर चालायचा, म्हणून वाटणात चिंच घातली ती फक्त नावाला. चाखून बघायचीही सोय नाही, नवसाचा कडकडीत उपास होता ना!

पंगत बसली. सुब्राय भागवतांनी दोन पत्रोडे आवडीनं खाल्ले, तिसरा मोडला आणि हात थांबला. ते खाकरले. पुन्हा खाकरले. शेजारी महिषासुराचं सोंग घेणारा धिप्पाड लिंगप्पा गळा चोळायला लागला. बघता बघता अख्खी पंगत खाकरू लागली.

"अम्मा, अळू खाजतंय!" शैलजानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं.

"गप गं भवाने!"

गिरिजाक्काचा नवरा संजीव धावत आला. "चिंच घातली नाहीस?"

"गाणारा माणूस म्हणून..."

"अगं, मग आता गाणार कसा तो?"

भागवतांनी काही सांगायला तोंड उघडलं, तर आतून नुसती घरघर. देवीनं माझ्या पोरीला वाचा दिली आणि मी तिच्याच गवयाची घालवली, आता ती दिलेलं परत नेणार, असं गिरिजाक्काच्या मनानं घेतलं. शैलजा शेजारी गप्प उभी होती. तेवढ्यानंच गिरिजाक्कानं तिला दंडाला धरून हलवलं.

"बोल की काहीतरी!"

"काय बोलू? आत्ताच गप म्हणालीस!"

गिरिजाक्का धावत आत गेली. मूठभर चिंच भिजवून तिनं घट्ट कोळ काढला आणि तांब्या घेऊन भागवतांसमोर उभी राहिली. "अण्णा, आंबटढाण आहे. आवाज बसला तर पाप माझ्या माथी. पण खाज यानंच जाईल."

भागवतांनी तांब्या रिकामा केला आणि परत पुढे धरला. मग लिंगप्पानं मागितला, मग सगळ्यांनीच.

"अक्का," बऱ्याच वेळानं भागवत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी आंबट खात नाही असं कुठल्या शहाण्यानं सांगितलं? पानात लोणचं नसलं तर मी बायकोशी भांडतो!"

पंगत हसली. गिरिजाक्काला हसू येईना. आवाज अजून घोगराच होता.

दिवे लागले, उभे ढोल, चेंडे, वाजू लागले. माणसांनी अंगण भरलं. भागवतांनी पहिला सूर लावला आणि तो फाटला. संजीवनं कपाळाला हात लावला. गिरिजाक्का दाराची चौकट धरून उभी होती. भागवतांनी डोळे मिटले, खाकरून घसा मोकळा केला आणि पुन्हा सूर लावला. या वेळी तो सुटला, स्वच्छ, मोकळा, पार माडांच्या शेंड्यांपर्यंत.

पहिलं पद संपवून भागवतांनी खणखणीत आवाजात विचारलं, "ही सेवा कुणाच्या नावानं?"

"माझ्या!" भरल्या अंगणातून शैलजा उठली. "शैलजाच्या नावानं! मला बोलता येत नव्हतं!"

गिरिजाक्का उंबऱ्यावर मटकन बसली आणि पदर तोंडाशी धरून पोटभर रडली. देवी रागावली नव्हती.

संजीव पेजेची वाटी घेऊन आला. "फिटला तुझा नवस. आता तरी दोन घास खा."

"थांबा हो," ती डोळे पुसत म्हणाली, "आधी ऐकू दे."