शाळेच्या गल्लीला अकरा मिनिटं

मोठे ट्रक शहरात शिरायचे बंद झाले ते आमच्या हबमुळे. वेशीवरच त्यांचा माल उतरवायचा, गल्लीवार लावायचा आणि छोट्या व्हॅनमधून आत धाडायचा. कोणत्या गल्लीला किती मिनिटं, हे वेळापत्रक माझं. तीनदा उशीर झाला की ड्रायव्हर कायमचा घरी, हा नियम साहेबांचा.

माझ्या धाकट्या दिराला ही नोकरी मीच लावून दिली होती. त्याचे दोन उशीर झाले होते, दोन्ही शाळेच्या गल्लीत. भाऊजी, बैलगाडी हाकताय की काय, असं मी जेवताना टोचून बोलले, तर तो नुसता हसला. आपलेच दात, आपलेच ओठ. साहेबांपुढे त्याची बाजू घ्यायची मला लाज वाटायची.

आज बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर त्याच्या व्हॅनचा ठिपका शाळेच्या फाटकासमोर थांबला. तिथे त्याला काहीच उतरवायचं नव्हतं. शाळा सुटायची वेळ तीच, आणि माझी मुलगी त्याच फाटकातून बाहेर पडते. फोन लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. आज काहीही झालं तरी वेळ गाठा, असं सकाळी मीच त्याला बजावलं होतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. ‘तिसरा,’ ते म्हणाले.

सहाव्या मिनिटाला त्याचाच फोन आला. कुणाला लागलं का, हेच मी आधी विचारलं.

‘नाही वहिनी. पोरं रस्ता ओलांडतायत, संपतच नाहीत. एक जण अगदी बंपरला घासून गेला, म्हणून इंजिनच बंद केलं. अकरा मिनिटांत इथून जायचं तर कुणाला तरी चेंगरावं लागेल. लावा माझा उशीर.’

ती गल्ली मी मोजली तो दिवस मला आठवला. रविवार होता. शाळेला कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी व्हॅन घेऊन सुसाट गेले आणि आकडा लिहून खूश झाले. त्याच आकड्यावरून मी महिनाभर दिराला बोल लावत होते. मला माझीच चीड आली.

‘लावा,’ साहेब म्हणाले.

आता तोंड उघडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तरी मी सांगून टाकलं. ‘चूक त्याची नाही, माझी आहे. ती गल्ली मी रविवारी मोजली.’

मला वाटलं, चिडतील. पण त्यांचा चेहरा उतरला. ‘आणि बाकीच्या?’

‘सगळ्या रविवारीच.’

पडद्यावर बाकीचे अडतीस ठिपके वेळ गाठायला पळत होते. साहेबांना न विचारता मी सगळ्यांची लाइन एकदम उघडली. ‘गाड्या हळू करा. घड्याळ बघू नका. ऐकलंत, तर हो म्हणा.’

एकेक करून सदतीस जणांचा होकार आला. एकाचा येईना, आणि त्याचा ठिपका अजून पळत होता.