आग्नेय कोपऱ्यातला दिवा

नगरच्या वेशीबाहेर, सावेडीच्या वाटेवर अण्णांनी घर बांधलं ते पंचेचाळीस साली. आजूबाजूला पाच-सहा घरं, मधे बाभळी आणि ज्वारीची रानं. अण्णा कोर्टात कारकून. गावातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आईची दहा वर्षं गेलेली. नव्या भिंतींवरून ती येता-जाता हात फिरवायची.

वास्तुशांतीला गुरुजींनी स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरली आणि आईला बजावलं, "वर्षभर इथला संध्याकाळचा दिवा चुकवू नका."

पौषात आमच्या न्हाणीत उंदीर मरून पडला. दोन दिवसांत प्लेगाच्या भीतीनं सगळी वस्ती रिकामी झाली. शेजारच्या चांगुणाबाई आम्हाला दूध घालायच्या. त्यांच्याच लांबच्या शेतात आम्ही कुडाची झोपडी घातली. देव डब्यात घालून आईनं बरोबर आणले. जमिनीत पुरलेला वास्तुपुरुष कसा आणणार?

"उंदीर पडलेल्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही," अण्णांनी सांगितलं.

ते कोर्टात गेल्यावर चांगुणाबाई आईला म्हणाल्या, "वैनी, मी लावते की दिवा. पडवीतच ठिवते, आत न्हाई जात. देवाला काय भितीपल्याडचं दिसत न्हाई व्हय?"

"कोपऱ्यातच लावायचा असतो हो. आणि तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, तर मला सगळं सोवळ्यात धुवून काढावं लागेल."

"मग धुवा की! हितं बसून तरी काय करताय?"

आई हसली आणि स्वतःच गेली. रोज अण्णांची सायकल यायच्या आधी परतायची. उशीर झालाच तर काय सांगायचं, हे तिनं मला पढवून ठेवलं होतं. मी आठ वर्षांची. आईचं गुपित फक्त माझ्याजवळ, याचाच मला आनंद.

"इंदू, आई कुठंय?"

"विहिरीवर."

"विहीर रोज लांब सरकते की काय गं?" अण्णा म्हणायचे आणि सायकल पुसायला घ्यायचे.

दहाव्या दिवशी आई परतली ती झोपडीच्या मेढीला टेकून खाली बसली. अंग तापलेलं. सकाळी जांघेत गाठ आली. डॉक्टर दारातूनच पाहून गेले. दुपारी ती पाणी पाणी करू लागली तेव्हा चांगुणाबाई न बोलावता आत आल्या. तिचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. आई घटाघटा प्यायली.

चांगुणाबाई रडायला लागल्या. "रोज भांडले हिच्यासंगं, नगं जाऊ म्हनून. दिव्यापायी जीव घालवला."

"कुठं जात होती?" अण्णांनी विचारलं.

चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग अण्णांनीही पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. ते आईच्या पायांवरचं पांघरूण सरळ करत राहिले. दुसऱ्या दिवशी उन्हं चढताना ती गेली.

फाल्गुनात वस्ती परतली. लोकांनी घरं चुन्यानं पांढरी केली. त्या घरात अण्णा आणखी बावीस वर्षं जगले. मला शिकवलं, चांगलं स्थळ पाहून लग्न लावून दिलं. हात कधी उगारला नाही. बाहेरून आले की घरात कोण आहे, कोण नाही, ते स्वतः खोल्यांतून फिरून बघायचे. मी समोर उभी असले तरी मला विचारायचे नाहीत.