विहीणबाईंसमोर दोन किलवर

काळूराम पाटलांनी तेरा पत्ते उचलले, पंख्यासारखे उघडले आणि घाईघाईनं परत मिटले. इस्पिकचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि वर दोन बारकी पानं. बदामचा एक्का-राजा. चौकटचा एक्का. किलवरचा राजाही फुकटात आलेला. अंजूरची जमीन गोदामाला दिली त्या दिवशीसुद्धा त्यांची छाती एवढी धडधडली नव्हती.

अडचण एकच होती, आणि ती समोर बसली होती. त्यांच्या भिडू होत्या विहीणबाई, कमळाबाई.

कामतघरला लेकीच्या, मनालीच्या घरी दर रविवारी दुपारी हा डाव बसे. ब्रिज आणला जावयानं, हितेशनं. कॉलेजच्या होस्टेलवर शिकलेला. लग्नाला तीन वर्षं झाली तरी आपली आई आणि मनालीचे वडील ‘या, बसा, चहा घ्या’च्या पुढे सरकत नाहीत, हे बघून त्यानं दोघांना मुद्दाम भिडू केलं आणि स्वतः बायकोबरोबर त्यांच्याविरुद्ध बसला. युक्ती झकास होती. पण ब्रिजमध्ये पत्ते न दाखवता, नुसत्या बोलीतून भिडूला सगळं सांगायचं असतं. आणि व्याही-विहिणींचं तर उघड बोललेलंही एकमेकांना कळत नाही.

हितेशनं शिकवलं होतं, पत्ते फारच भारी आले की ‘दोन किलवर’ म्हणायचं. किलवर हातात असो-नसो, ती नुसती खूण. भिडूनं त्यावर पास द्यायचा नाही. मागच्या महिन्यात काळूरामांनी मोठ्या झोकात ‘दोन किलवर’ म्हटलं आणि कमळाबाईंनी तितक्याच शांतपणे ‘पास’ म्हटलं. डाव किलवरच्या हुकुमावर खेळावा लागला. पाटलांच्या हाती किलवर होतं मोजून एक. चेंदामेंदा झाला.

“अहो, किलवर म्हंजे किलवर नसतं!” ते तेव्हा ओरडले होते.

“मग तसं म्हणावं कशाला माणसानं?” कमळाबाई म्हणाल्या होत्या, आणि उठून भजी तळायला गेल्या होत्या.

आता पुन्हा तसेच पत्ते, तीच माणसं. एक इस्पिक म्हणावं? पण बाईंच्या हाती काही नसलं तर त्या पास देतील आणि एवढी श्रीमंती एकावर संपेल. सरळ चार इस्पिक म्हणावं? गेम, म्हणजे दहा हातांची बोली, पदरात पडेल, पण बारा हात जिंकायची बोली, ज्याला हितेश स्लॅम म्हणतो, ती हुकेल. आणि दोन किलवर म्हणावं तर... त्यांनी चोरून समोर पाहिलं. कमळाबाई पत्ते मांडीवर ठेवून लसूण सोलत होत्या.

“बाबा, चहा गार झाला,” मनाली म्हणाली. “झोपलात काय?”

“इचार करतोय.”

“एवढा विचार माझं स्थळ बघताना केला होता का?”

हितेश खुदकन हसला. काळूराम मोठ्यानं खाकरले.

“खाकरायचं नाही हं बाबा,” हितेश म्हणाला. “खाणाखुणा धरल्या जातील.”

पाटलांनी कपाळाचा घाम पुसला, मनातल्या मनात गावदेवीला नारळ बोलले आणि म्हणाले, “दोन किलवर.”

मनालीनं पास दिला. कमळाबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली, हात पदराला पुसले.

“दोन चौकट,” त्या म्हणाल्या.

पाटलांचा जीव भांड्यात पडला. “दोन इस्पिक!”

“तीन इस्पिक.”

बाईंनी साथ दिली! काळूरामांनी घाईनं चार इस्पिक म्हणून टाकलं. गेम झाला, गंगेत घोडं न्हालं. त्यांनी गार चहा एका दमात प्यायला.

आणि कमळाबाई म्हणाल्या, “चार नो ट्रम्प.”

नो ट्रम्प म्हणजे हुकूमच नको. पाटील चपापले. इतके सुंदर इस्पिक, आणि बाई त्याला हुकूम करायला तयार नाहीत? क्षणभर रागच आला. मग त्यांनी विचार केला: आज बाईंनी आपला मान राखला, आता आपण त्यांचा राखावा. मोठ्या मनानं ते म्हणाले, “पास.”

हितेशनं डोक्याला हात लावला.

“काय झालं?”

“बाबा, ती बोली नव्हती. आईनं विचारलं होतं, एक्के किती ते. तीन असले तर पाच इस्पिक म्हणायचं. गेल्या महिन्यात सांगितलं होतं मी.”

डाव खेळला गेला. कमळाबाईंनी तेराच्या तेरा हात घेतले, शेवटचे तीन तर पत्ते नुसते खाली मांडून. कागदावर मात्र लिहिला गेला साधा गेम. बारा-तेरा हातांची बोली असती तर लेक-जावई आडवे झाले असते. पाटलांना सर्वांच्या हसण्याची भीती वाटत होती. हसल्या फक्त कमळाबाई, तेही पदर तोंडाला लावून.

“तुम्हाला हे सगळं कधी आलं?” पाटलांनी विचारलं.

“दुपारी घरात कोण असतं? वहीत लिहून पाठ केलं.”

“ती वही मला देता का? आठवड्याभरासाठी.”

त्यांनी दिली. धामणकर नाक्यावरून सुटलेल्या शेअर रिक्षात, दोन माणसांच्या मध्ये चेपून, काळूराम ती वाचू लागले. किराण्याच्या यादीखाली एक्क्यांची उत्तरं होती, मग गुणांची मोजणी. शेवटच्या पानावर एकच ओळ: ‘व्याह्यांना चुकलात असं तोंडावर म्हणू नये. मनाला फार लावून घेतात.’

पाटलांनी ती दोनदा वाचली. शेजारच्या माणसाला कोपर लागलं तरी त्यांनी खिशातून फोन काढला.

“विहीणबाई, काळूराम बोलतोय. मी चुकलो की तोंडावर सांगत जा. मला काय न्हाय वाटत.”

पलीकडे लसणाची ताटली बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

“खरंच सांगू?”

“सांगा.”

“मग सुरुवातीपासून सांगते. मागच्या महिन्यातल्या डावात तुम्ही पहिलंच पान चुकीचं टाकलं होतं...”

रिक्षा अंजूर फाट्याला पोचली तरी कमळाबाईंचं सांगणं संपलं नव्हतं.