लिऊ डॉक्टरांच्या आईचं पान

"भागुबाई, भात मऊ झालाय का बघा. आईला दात न्हवते," लिऊ डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले.

मी वैतागले. "अवो डाक्टर, आता काय खीर करू त्याची? बसा गप."

पण माणूस बसेल तर शपथ! दौंड स्टेशनाबाहेर तीस वर्षं लोकांचे दात काढणारा हा चिनी माणूस, पण आज उदबत्ती हातात घेऊन नुसता घरात येरझारा घालत होता. आमची भिंतीला भिंत. बासष्टच्या लढाईत चिनी म्हणून पोलिसांनी त्यांना नेलं, तेव्हा ते सुटून येईपर्यंत दुकानाची किल्लीसुद्धा माझ्याकडेच होती. त्यांची आई अडुसष्ट साली तिकडे चीनमध्ये वारली. डॉक्टरांना कळलं फार उशिरा. तेव्हापासून एकच ध्यास, आईचं पान वाढायचं. विधी मात्र येईना. पोरवयात घर सोडलेलं; तिथे सगळं वडील करायचे, हे नुसती ताटं धरायचे. "पुतण्या आला की करू. थोरला नातू हाय, त्याला समदं ठाव असंल," म्हणायचे.

आणि एकोणऐंशी साली तो पुतण्या, वेई, खरंच आला. हाँगकाँगहून कलकत्त्याला, तिथून दौंडला. पंचविशीचा, काटकुळा. डॉक्टरांनी त्याला नवा शर्ट घातला, ताटापुढे बसवलं आणि कर सुरू, अशी खूण केली.

वेई बसूनच राहिला. मग खाली मान घालून त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलला. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हनतो?" मी विचारलं.

"त्याला काय येत न्हाई, भागुबाई. साळंत शिकवलं, जुनं ते समदं फोडा. पूजा करनारा तो दुश्मन." त्यांनी उदबत्ती खाली ठेवली. "आईच्या देव्हाऱ्यात वाडवडलांच्या नावाच्या पाट्या हुत्या. याच्या वर्गातली पोरं फोडाया आली. हा म्होरं हुता."

"अगं बया! आन् म्हातारी?"

डॉक्टरांनी विचारलं. वेई हळूच दोन शब्द बोलला.

"तिनं पोरांस्नी पानी दिलं. उन्हातनं आली हुती म्हनून."

मला वाटलं, द्यावी एक थोबाडीत. पण कुणाच्या? तेव्हा तो बारा वर्षांचा, गुरुजी म्हणाले तसं केलं. आपल्याकडे तरी गुरुजींच्या शब्दाबाहेर कुठलं पोर जातं? आणि गुरुजींच्या मानेवरही कुणी बसलं असेलच.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "येवढ्या लांबनं आला," म्हणाले, "आन् माझ्यापरीस कमी ठाव त्याला. आता इचारू कुनाला?"

मी भातावर ताट झाकलं. भात निवत चालला होता. शेवटी तेच म्हणाले, "तुमच्यात मयताला म्हनता ते म्हना. बुद्ध आईचाबी हुता."

"अवो, ते पाली हाय. तुमच्या आईला कळंल का?"

"जे कळंल ते."

मी मेणबत्ती लावली आणि बुद्धं सरणं गच्छामि म्हणू लागले. दीक्षा घेतल्यावर आम्हीही ते असंच, मोठेपणी, पाठ केलेलं. डॉक्टर माझ्यामागून अडखळत म्हणत होते. वेई मात्र हात मांडीवर ठेवून, कुणीतरी आता रागावेल अशा भीतीनं बसला होता. डॉक्टर मध्येच थांबले. त्याच्याकडे सरकले आणि त्याचे दोन्ही हात धरून जोडून दिले. सोडले की ते सुटत होते. म्हणून मग मी सगळं म्हणून होईपर्यंत त्यांनी ते तसेच धरून ठेवले.